गोठलेलं

डुइसबुर्गच्या दुकानात एका मुलानं
काचेला हनुवटी टेकवून विचारलं,
"जेलातो म्हणजे काय?"
तार्चीझिओनं पळी पाण्यात बुडवली, झटकली.
"गोठलेलं."
"काय गोठलेलं?"

मागे रांग होती.
मुलाला पिस्ता हवा होता, मिळाला, तो गेला.
काचेवर त्याच्या श्वासाचा गोल उमटला होता,
तोही विरला.
प्रश्न तेवढा राहिला.

खरंच की. नुसतं विशेषण.
नाम वाटेत कुठंतरी गळून पडलेलं,
क्रिया उरकलेली, कर्ता बेपत्ता.
दूध असेल, लिंबाचा रस असेल,
शब्द कुणाचं नावच घेत नाही.
गावाकडच्या पत्रात नाही का लिहीत नुसतं "गेला",
आणि घरातल्या सगळ्यांना कळतं, कोण.

शाळेतले पाद्री सांगायचे, लॅटिनमधलं मूळ जेलू.
म्हणजे हिंव.
पहाटे गवतावर पडतं ते.
साखर त्यात फार उशिरा आली.

झोल्दोच्या खोऱ्यात हिंवाला जेलाता म्हणतात.
शेवटचा 'ओ' जाऊन 'आ' आला
की संपलं.
त्या साली ते तेरा मेला पडलं,
सेर्वात्सिओ संताच्या दिवशी.
सकाळी घेवड्याचे वेल उकडल्यासारखे काळे,
आणि आई एप्रनच्या ओच्यात पानं गोळा करत राहिलेली,
कशासाठी, कोण जाणे.
बाप कुंपणाशी उभा. त्याच्या डोळ्यांतलं
काहीतरी थिजलं, तुपासारखं,
ते पुढं कुठल्याच उन्हात पातळ झालं नाही.
फेब्रुवारीत त्यानं पोराचा हात
मामाच्या हातात दिला.
"जर्मनीत गारवा विकत घेतात म्हणे."

एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंत
ब्रेनरचा घाट, रात्रीची गाडी,
चौदा वर्षांच्या मांडीवर एक पुडकं:
पेरायला ठेवलेला, मूठभर उरलेला घेवडा.
तो त्यानं पेरला नाही. शिजवलाही नाही.
कुठं गेला, आता आठवत नाही.

रात्री नीवेस, त्याची लेक,
डब्यांच्या कडा खरवडत म्हणते,
"बाबा, ते पोर उद्या परत विचारील."
"विचारू दे."
तो शटर ओढतो.
अर्ध्यावर थांबतो.
"त्याला सांग, घेवडा."