अर्थ

सत्यशीलाची किनवटची बदली रद्द झाली
म्हणून पार्टी, आमच्या घरी,
उदगीर, देगलूर रोड, पाण्याच्या टाकीमागं.
मे महिना, तिसरा शनिवार.

स्पीकर जमले चार.
एक आमचाच, टीव्हीखालचा, जाळी आत दबलेली.
एक रेशमाच्या झुंबा क्लासचा,
पाठीवर पांढऱ्या पेनानं: विचारल्याशिवाय हात लावू नये.
दोन अफसरनं आणले, मोटारसायकलवर, मधे उशी घालून,
हळदीच्या कार्यक्रमांतले, म्हणून पिवळे,
कितीही पुसले तरी पिवळे.

लॅपटॉप एक.
त्याला भोक एक, करंगळीच्या नखाएवढं.

अफसर म्हणाला, एका विहिरीवर चार मोटारी बसतात ताई,
ह्याला न बसायला काय झालं?
एकाची दोन करणारी पिन, त्या दोनांची परत दोन,
वायर हॉलमधून स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागून,
चटईखालून, खिडकीच्या गजातून अंगणात.
जुनं गाणं लावलं आणि कळलं,
गाण्याची डावी बाजू आत राहिलीय, उजवी बाहेर गेलीय.
आत नुसता ढोल,
बाहेर बाई एकटीच गातेय, पेरूच्या झाडाला.
रेशमा म्हणाली, राहू दे की,
लग्नानंतर असंच असतंय.

नाही राहू दिलं.
सेटिंगमधलं मोनो शोधायला अर्धा तास,
मग दोन्ही बाजू एकात कालवल्या, वरणभातासारख्या.
रेशमाच्या स्पीकरला वायर पुरेना,
त्याला ब्लूटूथवर घेतला, काहीतरी डाउनलोड करून,
तर तो अर्धा ठोका मागं.
सगळ्यांचं म्हणून झालं की हा म्हणणार,
आमच्या हेडमास्तरांसारखा.
त्याला मोरीच्या दारात ठेवला.

आणि मग घरघर.
गाणं थांबवलं तरी घरघर,
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी, एकसुरी, तिघांच्या पोटात.
पिना फिरवल्या, प्लग बदलले, फुंकरा मारल्या.
लॅपटॉपचं चार्जर काढलं की बंद,
पण बॅटरी चाळीस मिनिटांची
आणि पाहुणे अजून आपापल्या घरी अंघोळी करायलेत.

अण्णा बाजेवरून उठले.
बत्तीस वर्षं खांबावर चढलेला लाइनमन,
सहा वर्षांपासून ऐकू येत नाही,
मशीन आहे, ते सुपारीच्या डब्यात असतं.
कुणी बोलावलं नव्हतं.
पिवळ्या स्पीकरच्या पाठीवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
मग दुसऱ्याच्या.
मग माझ्याकडं बघून म्हणाले,
"अर्थ न्हाई ह्याला."

मला वाटलं, पार्टीला म्हणाले.
तोंडावर आलं होतं माझ्या:
एक दिवस, अण्णा, एक दिवस तरी...

पण ते मागच्या दारी पोचलेसुद्धा, अनवाणी,
जिथं जमिनीतून पाइपाचं तोंड वर आलंय,
त्याच्यावरचा डालड्याचा डबा बाजूला सारत.
"काय बघू लालीस? बादली आण. मिठाचा पुडा आण.
जमीन वाळून खडंग झालीय,
करंट जावं कुठं?"

नळाला अकरा दिवस झाले होते.
टाकीत पार्टीपुरतं होतं, मोजून:
प्यायचं, चहाचं, हात धुवायचं.
हात धुवायचं दिलं.

जमिनीनं ते एका घोटात घेतलं.
एक बुडबुडा वर आला, ढेकरासारखा.
आत घरघर बारीक झाली, मग नाहीच.
अफसर म्हणतो, थोडी होती.
मला तरी नाही आली.
"गेली?" अण्णांनी विचारलं.
मी हातानं सांगितलं, गेली.

साडेदहाला सगळे नाचत होते,
शेवपुरीची बोटं पेपरला पुसत,
सत्यशीला तर साडीचा पदर खोचून.
अण्णा मोरीच्या दारात, पाटावर,
त्या मागं राहणाऱ्या स्पीकरवर तळहात टेकून.
पायाचा अंगठा हलत होता,
आमच्याहून अर्धा ठोका उशिरा,
पण बरोबर.

सकाळी पोह्यांना मीठ नव्हतं.