तर

मुरा नदीला आमच्या गावापाशी पूल नाही.
एक तर आहे. दोन होड्या, वर फळ्यांचा ओटा,
टीचभर खोपटं, आणि डोक्यावरून
या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेली पोलादी तार.
इंजिन नाही.
पाहुणे विचारतात, मग चालते कशावर?
मामा म्हणायचा, पाण्याच्या रागावर.

मी वेरोना. वय त्रेचाळीस.
शाळा संपली तेव्हा ट्रेझिका शिवणकारखान्यात निघाली होती,
आणि तिच्या सायकलवर मागे जागा होती.
म्हणून सोळा वर्षं मी पुरुषांच्या कोटांना
डावे खिसे लावले. फक्त डावे.
कारखाना बंद पडला, पण पहाटे साडेचारची बस
ऑस्ट्रियात जातच होती. सगळ्या चढल्या.
चढले.
तिकडे आधी भोपळे निवडले, मग हॉटेलातल्या चादरी.
त्याच बसमध्ये एवाल्ड शेजारी बसायचा.
दोन हिवाळे बसला, मग घरीच राहायला आला.
गेला, तेव्हाही मी कुठे जा म्हटलं होतं?
गावात माझं नाव चांगलं.
नाकासमोर चालणारी बाई.

गेल्या सप्टेंबरात मामाचं खुब्याचं हाड मोडलं.
"दोन दिवस तर धर," म्हणाला दवाखान्यातून.
धरली.
पहिल्या सकाळी एक ट्रॅक्टर, दोन सायकली,
आणि मधमाश्यांच्या पेट्या घेऊन म्हातारा कोलारिच.
दोर सोडला. सुकाणू सरळ धरलं,
नाक बरोबर प्रवाहाकडे, शहाण्या माणसानं धरावं तसं.
पाणी दोन्ही बाजूंनी निघून गेलं.
तर जागची हलली नाही.
कोलारिच टोपी सारखी करत म्हणाला,
"तिरकी कर, पोरी. जराशी तिरकी."

केली.
वर तारेवरची चाकं कुरकुरली,
सुकाणूत जोर भरला, माझा नव्हे, पाण्याचा,
आणि इतका वेळ खाली ओढणारी नदी
मला आडवी घेऊन चालली,
जिकडे मी नाक वळवलं होतं तिकडे.

यात फार काही नाही. शाळेत शिकवतात म्हणे.
मी त्या दिवशी गैरहजर असेन.
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तरी
सात वेळा गेले आणि सात वेळा आले.

ऑक्टोबरात वर कुठेतरी पूर आला.
पाण्यावरून भोपळे यायला लागले,
कुणाच्या शेतातले, केशरी, गोल, ऐटीत.
कोलारिचचा नातू काठावर नाचत सुटला,
"समुद्राला निघाले! समुद्राला निघाले!"
एकही निघाला नव्हता.
मी त्याला काही बोलले नाही.
मला एकेक भोपळा ओळखीचा वाटत होता.

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले
तेव्हा मुकादमबाईंचा निरोप आला फोनवर:
सोमवार, साडेचार, नेहमीची जागा.
मी 'बरं' लिहून बराच वेळ बसले.
बोटांना तेवढंच ठाऊक.
मग पुसलं. 'येणार नाही' लिहिलं.
कारण लिहिलं नाही. होतं,
पण सरळ ओळीत बसेना.

लोक म्हणतात, हिनं निवडून काय निवडलं?
तारेला बांधलेली होडी, तेच दोन काठ.
बसने निदान परदेशी तरी जायची.
खरं आहे. पैसे कमी. थंडीत बोटं माझी राहत नाहीत.
मामीसुद्धा रात्री भांडी घासताना सुरू करते,
जर त्या वेळी तू शिकली असतीस,
जर त्या एवाल्डला...

जर माझ्याकडे पोत्यानं होते, मामी.
तर ही एकच.
लाकडाची. उजव्या होडीत जरा गळकी.

पलीकडे कुणीतरी घंटा वाजवतंय.
धुक्यात दिसत नाही, पोस्टवाली असेल,
किंवा कुणी वाट चुकलेलं.
"येतेय," मी ओरडते,
आणि दोर सोडते.