एक पेर कमी

मागच्या चाकाचा वॉल्व्ह तिथे का ठेवला
हे कंपनीतल्या इंजिनियरला ठाऊक असेल,
हवा भरणाऱ्याला नसतं.
या बाजूला डिस्क, त्या बाजूला चेन,
मधे अलॉयची जाडजूड पाती
आणि त्यांच्या बेचक्यात तो,
फडताळाखाली रुसून बसलेल्या मांजरासारखा,
तोंड आतल्या बाजूला करून.

"काका, गाडी जरा पुढे."
घेतली.
"अजून अर्धी वीत."
घेतली.
"बस बस बस… गेला. मागे घ्या."
शिवडीच्या पंपावर रात्री सव्वादहाला
एक माणूस आणि एक मोटारसायकल
मागे-पुढे, मागे-पुढे,
जशी काही गाडीच झोपवतोय.
मागे रिक्षा, रिक्षामागे केळ्यांचा टेम्पो,
सगळ्यांना हवा हवी.

हवेवरचा पोरगा दीनबंधू, बालासोरचा,
पाइपचं पितळी तोंड तिरकं करून लावतो.
फुस्स.
उलट्या बाजूने लावतो.
फुस्स.
अठ्ठावीस होती. तेवीस झाली. एकोणीस.
भरायला आलो
आणि होती तीही इथेच देऊन चाललो.
"वाकडी नळी घ्या ना काका, कुर्ल्याला मिळते,
पोपटाच्या चोचीसारखी. नव्वद रुपये."
घेतो, म्हणतो मी.
दोन वर्षं घेतोच आहे.

पाठीवरच्या पेटीत बर्फ आहे
आणि चौदा जणांचं रक्त.
कुणी करंदीकर, कुणी डिमेलो,
एक अजून नाव न ठेवलेलं बाळ, त्याचं थेंबभर.
अकराच्या आत लॅब.
मागचा रिक्षावाला हॉर्न देत नाही,
नुसता खाकरतो. ते जास्त लागतं.

मग मी उकिडवा बसतो.
गुडघे दोन फटाके वाजवतात.
डावा हात चाकात घालतो.

या हाताची तर्जनी एक पेर कमी आहे.
लालबागला बाइंडिंगच्या कारखान्यात,
शाळा उघडायच्या आधी, दोनशे पानी वह्या कापताना,
मशीनने ते पेर ठेवून घेतलं.
वरच्या गठ्ठ्याला डाग लागला.
शेटने तो रद्दीत काढला,
आणि मला अकराशे रुपये दिले.
गठ्ठ्याचे कापले का, ते विचारायचं राहिलं.

लग्नाच्या फोटोत हा हात अनसूयेच्या पदराआड आहे.
मतदानाला शाई लावणारी बाई
दर वेळी काडी हातात धरून थबकते.
बसमध्ये दांडा धरताना मी तो आपोआप खाली घेतो,
अजून.

पण डिस्क आणि पात्याच्या फटीत
शाबूत बोटं अडतात. नख अडतं.
हे जातं.
जातं, वळतं, आणि पितळी तोंडाच्या मागे
पाचर ठोकल्यासारखं बसतं.
फुस्स नाही.
नुसती पाइपची थरथर.

डिस्क तापलेली आहे, परळपासूनच्या सगळ्या सिग्नलांनी.
थोट्या टोकाला ते उशिरा कळतं,
शेजारच्या घरात कुणाला तरी भाजावं
आणि आपण भिंतीतून ऐकावं, तसं.
वीस. चोवीस.
दीनबंधू आकडे मोठ्याने म्हणतो, ओडियात,
मला कळतात.
बत्तीस. पीप्.

तो माझ्या हाताकडे बघत राहतो.
"काका, हे…"
"हे कुर्ल्याला नाही मिळत," मी म्हणतो,
आणि त्याच्याआधी मलाच हसू फुटतं.

वॉल्व्हची टोपी लावताना निसटली,
टणकन उडून जाळीखाली गेली.
जाऊ दे.
पेटीचा पट्टा आवळतोय तोच
रिक्षाच्या आडून एक पोरगा गाडी ढकलत येतो.
हेच मॉडेल, हाच रंग,
मागचं चाक पार बसलेलं.
"काका, माझंपण जरा…"
घड्याळात दहा बत्तीस.

"ये लवकर," मी म्हणतो.
"पुढे घे. अजून अर्धी वीत."