उघाडी

कोपरखैरण्याची महापालिका शाळा, तिसरा मजला,
समाजशास्त्राचे एकेचाळीस शिक्षक
आणि एक पंखा, जो फक्त माझ्यावर फिरत होता.

रिमोटचे सेल गेलेले. स्लाइड बदलायला
नसीम तुंगेकर मॅडम दर वेळी उठायच्या,
चष्मा कपाळावर सरकवून, न सांगता.

मी म्हणाले, तथ्य एका गावात राहतं,
संकल्पना गाव सोडून जाऊ शकते.
(हे वाक्य मी पनवेलला म्हटलं होतं, कळव्यालाही.
दोन्हीकडे लोकांनी उतरवून घेतलं.)
"सात ते सतरा सदस्य" हे तथ्य.
त्याच्या मागे काय उभं आहे ते शोधा,
पाठ त्यावर रचा.
शिरसाट सर म्हणाले, शोधतो की,
पण पेपरात सात ते सतराच येतं.
हशा. मीही हसले, जरा उशिरा.

मग तक्ते वाटले.
संकल्पना, मुख्य प्रश्न, पुरावे, मूल्यमापन.
बहुतेकांनी पहिल्या रकान्यात "लोकशाही" लिहिलं
आणि पेनांना टोपणं लावली.

शेवटच्या बाकावर यशोमती मढवी.
याच शाळेत बावीस वर्षं, सहावी ब.
त्यांचा पहिला रकाना कोरा.
वाकून विचारलं, अडलंय का काही?
म्हणाल्या, शब्द सापडत नाही. गोष्ट आहे.

"इथे खाडी अडवायला बांध होता, मॅडम.
आत भात, बाहेर चिखल आणि तिवरं.
बांधाला उघाडी, म्हणजे लाकडी झडप.
ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर,
भरतीला ती आपली आपण मिटायची.
पण खेकडे बांध पोखरतात. उधाणाला खांड पडते.
आमचे काका सांगायचे..."

इथे त्यांची भाषा बदलली, आवाजही,
बांधावरून कुणी हाक मारावी तसा:
"खांड गेली का आख्खा गाव धावाचा.
ज्याचा शेत त्यानीच, असा नाय.
रातचे दोनला पन. बोलना नाय त्यो पन.
याचे शेतान खारा पानी आला
तं त्याचे शेतान यायला किती वेल?"

तुंगेकर मॅडम स्लाइड बदलायला विसरल्या.

परस्परावलंबन, मी म्हणाले,
आणि फळ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात.
शब्द बरोबर होता.
फळ्यावर फार कोरडा दिसला.

यशोमतीबाईंनी तो उतरवला नाही.
दुसऱ्या रकान्यात लिहिलं: बांध कोणाचा?
पुरावे: शाळेचं मैदान, बांध ध्वजाच्या ओट्याशेजारून जायचा.
काकांचा सातबारा, जुना.
सेक्टरच्या टोकाचा धारण तलाव, त्याच्या लोखंडी झडपा.
मूल्यमापन: आता रात्री दोनला कोण धावतं, मुलांनी शोधून यावं.
आदर्श उत्तर: मला माहीत नाही.

याला गुण किती द्यायचे, शिरसाट सरांनी विचारलं.
या वेळी कुणी हसलं नाही, तेही.

चारला सह्या, भत्त्याचे फॉर्म,
गार झालेले बटाटेवडे.

वर्ध्याहून इथे येऊन मला अकरा वर्षं झाली.
त्या तलावाभोवती रोज चालते,
घड्याळ पावलं मोजतं.
त्या संध्याकाळी कठड्याशी थांबले.
झडप होती. गंज, शेवाळ,
फटीत अडकलेली दुधाची पिशवी.
चहावाल्याला विचारलं, ही कोण बघतं?
त्यानं मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं,
असेल कुणीतरी.

दुसऱ्या दिवशीचं प्रशिक्षण दिव्याला होतं.
रात्री टिपणवही उघडली.
संकल्पना गाव सोडून जाऊ शकते.
खोडावंसं वाटलं, खोडलं नाही.
खाली पेन्सिलीनं लिहिलं:
आणि गाव?