कलम सतरा

मिलानहून यादी आली. एकेचाळीस कलमं.
उशा हंसाच्या पिसांच्या, चार कडक, दोन मऊ.
बर्फ पारदर्शक, आत बुडबुडा नको.
साहेब उतरतील तेव्हा पाणी सव्वीस अंश,
तलावाचं. समुद्राचं काय ते नंतर कळवतो.
पाहुणे दोन, सामान अकरा नग,
चौदा ऑगस्ट ते एकवीस.

मी पँटेलेरियात हेच करते,
लोकांच्या सुट्ट्या जुळवते.
आमची दगडी घरं, घुमटावर पावसाचं पाणी धरणारी,
जिथे आजोबा गाढवाशेजारी झोपायचे,
त्यांना आता एका रात्रीचा जो भाव आहे
तो मी आईला सांगत नाही. सांगितला तर ती
घास हातात धरून छताकडे बघत बसते.

कलम नऊ: वारा?
नुसतं एवढंच, प्रश्नचिन्हासकट.
मी लिहिलं: आहे.

मग सतरावं.
साहेबांनी कुठल्याशा फोटोत पाहिलंय,
गोल भिंत, दोन पुरुष उंच, वर छप्पर नाही,
आत एकच संत्र्याचं झाड.
तिथे जेवण हवं. दोघांचं, मेणबत्त्या लावून.
दार अरुंद दिसतं, थोडं पाडता येईल का?
आणि त्या तारखेला झाडावर
पिकलेली संत्री असतील ना?

झाड क्रोचिफिस्सामावशीचं.
ती केपरच्या कळ्या मिठात कालवत बसली होती,
कोपरापर्यंत पांढरी.
हात न पुसता म्हणाली,
"ऑगस्टात पिकलेलं संत्रं?
त्यांना म्हणावं देवाला पत्र लिहा, मला कशाला."

मी तसं कळवलं, जरा साखर घालून.
उत्तर सहा मिनिटांत:
बाजारातली पिकलेली आणून
दोऱ्याने बांधता येतील.
पानांच्या रंगाचा दोरा. खर्चाचा प्रश्न नाही.
खाली नाव, ओर्नेल्ला, साहेबांची सचिव.

दोऱ्याचं ऐकून मात्र मावशी उठली.
मला घेऊन गेली. आत वाकूनच शिरावं लागतं,
दार तसंच ठेवलंय,
वाऱ्याला वाकता येत नाही म्हणून.
आत गेलं की कान एकदम मोकळे होतात,
कुणीतरी इतका वेळ धरून ठेवले होते असं वाटतं.

"आमच्या पणजोबांनी बांधली," ती म्हणाली.
"बायकोला संत्र्याचे डोहाळे लागले
आणि वाऱ्यापायी महिनाभर बोट नाही.
बोट आली तेव्हा पोरगी पाळण्यात.
मग माणूस पेटला. तीन वर्षं दगड रचले,
एका रोपासाठी.
पुढच्या खेपेला तरी कमी पडू नये."

"मग? पुढच्या खेपेला?"

"तिला खारे मासे हवे झाले."

मी मिलानला लिहिलं:
दार पाडता येणार नाही. टेबल आत जात नाही.
दोरा नाही.
हवं तर जमिनीवर बसावं, एका संत्र्यापुरतं. हिरव्या.
भिंत डोहाळ्यांसाठी बांधलेली आहे,
असंही एक वाक्य, का कोण जाणे, लिहून गेले.

दोन दिवस काही नाही.
धक्क्यावर बोटही नाही, सिरोको सुटलेला,
मोटारींच्या काचांवर आफ्रिकेची लाल धूळ.
मी उशांचं बघत होते. मऊ एक कमी भरत होती.

तिसऱ्या रात्री दीड वाजता पत्र,
कचेरीच्या पत्त्यावरून नव्हे, दुसऱ्याच.
"कलम सतरा रद्द. साहेबांना
सार्डिनियात नौका मिळाली आहे.
बाकीची चाळीसही रद्द समजावीत,
रीतसर उद्या कळवीन.
मला वेगळंच विचारायचं होतं.
हिरवी फार आंबट असतात का?
ओर्नेल्ला."

सकाळी मावशीला वाचून दाखवलं.
दोनदा वाचायला लावलं तिने, शेवटची ओळ.
मग मिठाची परात बाजूला सारली,
आणि या सगळ्यात पहिल्यांदाच
पदराला नाही, नीट फडक्याला, एकेक बोट सुटं करून
हात पुसले.

"विचार तिला," म्हणाली,
"कितवा महिना."