गरम की थंड

मुर्तझाभाईंनी जुना प्लग हातात घेतला
आणि आधी त्याचा वास घेतला.
नाना पेठेतल्या त्या बोळात भर दुपारीही ट्यूबलाइट लागते,
म्हणून दाराशी गेले, चष्मा कपाळावर सरकवला,
उजेडात फिरवून पाहिला.
"गाडी कुणाची होती?"

येझदी, अठ्ठ्याहत्तरची.
दापोडीच्या खांबेट्यांकडून घेतली.
कागदांच्या पिशवीत त्यांनी एक पाना घातला होता,
पिवळं फडकं घातलं होतं,
आणि पुष्कळ घाट:
कात्रज, खंबाटकी, पसरणी, वरंध.
"एका दमात चढते हो. कधी मान टाकली नाही."
सांगताना त्यांचा उजवा हात
नसलेली मूठ पिळत होता.

"हा थंड प्लग," मुर्तझाभाई म्हणाले,
"याची चिनीमाती आखूड. आच धरून ठेवत नाही,
आली तशी इंजिनाला परत देऊन टाकते.
गाडी चढावर तास तास पिळणाऱ्याचा हा माल.
पण बघा."
नखानं टोक खरवडलं.
नखाखाली काजळी आली, ओली, तेलकट.
"हिनं तिसऱ्या गिअरपुढे काही बघितलेलं नाही, साहेब.
दापोडी ते खडकी, खडकी ते दापोडी.
मध्ये भाजी."

नीट चाललेल्या गाडीचा प्लग
चहात एकदाच बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असतो.
फार तापलेल्याचा पांढराफटक, फोड आलेला.
हा म्हणजे चुलीमागची भिंत.

मी काउंटरला टेकून उभा राहिलो.
किती वर्षं हा माणूस अशाच एखाद्या दुकानात येऊन
"थंड द्या, घाटाचा" म्हणत असेल,
आणि दर रविवारी, तारेचा ब्रश घेऊन,
अंगणात उकिडवं बसून
न गेलेल्या घाटांची काजळी काढत असेल.

"तुम्ही कुठे चालवणार?"
खरं म्हणजे कर्वेनगर ते डेक्कन.
फार तर खडकवासला, तेही कणीस खाऊन परत.
तोंड उघडलं, तर बाहेर आलं, "घाटात."
मुर्तझाभाईंनी मलाही
जरा उजेडाकडे वळवून पाहिलं.
मग दोन डब्या ठेवल्या.
"गरम गावात लावा. थंड खिशात ठेवा.
दोन्हींची फट सहा दशांश. अंदाजानं नाही, गेज लावून."

रविवारी सहाला खांबेट्यांच्या दारात हॉर्न दिला.
ते स्वेटर घालून तयार होते,
जसं काही मी रोजच येतो.
मागे बसले. कोंढवा गेलं. बोलले नाहीत.
बोपदेवच्या पायथ्याशी माझ्या खांद्यावर हात पडला.
"थांबा. इथे बदलतात."

मी खिशातली डबी अजून दाखवलीही नव्हती.
पाना त्यांनीच घेतला. गुडघा रस्त्यावर टेकला.
गरम प्लग रुमालात धरून काढला,
नवा आधी बोटांनीच फिरवत बसवला, हळू,
आटा आट्यात बसल्याचं कानांनी ऐकत,
आणि शेवटचा पाव फेरा पान्यानं.
हात अजिबात थरथरला नाही.
त्यांनी हे कुणाकडून ऐकलं होतं,
कुठे वाचलं होतं, विचारलं नाही मी.

किक मारली. तीच दांडी पुढे ढकलून पहिला टाकला.
दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर,
आणि मग धूर नाहीच, नुसता आवाज,
डोंगराला आपटून दुप्पट होऊन येणारा.
वळणावर त्यांचे गुडघे मला घट्ट लागले.
दुसरा. तिसरा. परत दुसरा.
एका एस.टी.ला आम्ही मागे टाकलं.
मागून बारीक, चोरटं,
"हां!"

वर सासवडचा वारा.
त्यांनी दरीकडे नीट पाहिलं,
मग पुण्याकडे, मग गाडीकडे.
"कात्रज याहून सोपा होता," म्हणाले.
"असणार," मी म्हणालो.

गरम प्लग त्यांच्या रुमालात तसाच होता.
दापोडीला उतरवलं तेव्हाही
मला तो मागायचं सुचलं नाही.