सरळ पिसाचा

दाभोळहून धोपाव्याला, फेरीबोटीत
मांडीवर डबा धरून आणली अकरा अंडी,
भाताच्या तुसात, एकाला एक न टेकवता.
रुकय्या मुकादमनं डब्याभोवती जुनी ओढणी गुंडाळली,
म्हणाली, अनशे, आपटू नको. आणि
सरळ पिसाची विकू नको.

पहिलं ऐकलं.

अकरातली आठ फुटली.
दहाव्या दिवशी पंखांना कोंब आले,
चौघांचे बाहेरच्या अंगाला वळलेले,
कुणी उलटा हात फिरवून निघून गेल्यासारखे.
बाकीची चार साधी, तांबूस,
कुणाच्याही दारात असतात तशी.

शिमग्याला पाहुणे आले.
साध्यांतली एक रश्श्यात गेली, तीन गुहागरच्या बाजारात.
त्या पैशांत खुराड्याला जाळी आली.

राहिल्या तीन उफराट्या तलंगा आणि एक उफराटा.
शाळेत खिचडी शिजवून परतताना
पातेल्याची खरवड त्यांच्यासाठी बांधून आणायची.
पोरं कुंपणाशी उभी राहून विचारत,
मावशी, हिला वाळत घालताना उलटी घातली का?
उन्हात ती मजेत असत.
पावसात पाणी अंगावरून ओघळायचं नाही, मुरायचं;
मग पडवीत गोणपाटावर चौघं
एकमेकांना चिकटून, रागावून बसलेली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी
मोटारसायकलवरून एक माणूस आला.
काळा चष्मा न काढता कोंबड्याकडे बघत राहिला.
तीन हजार म्हणाला. मग पाच.
कशाला हवा ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही, दोघांनाही ठाऊक होतं.
पाच हजार म्हणजे माझं दोन महिन्यांचं मानधन.
मी म्हटलं, चहा टाकते.
तो समजला. न पिता गेला.

पुढच्या रवणाला नऊ फुटली,
त्यांतली दोन उघडी.
पिसं म्हणून जे आलं ते बोट लागलं की तुटायचं.
चुलीपाशी ठेवली, बल्बखाली ठेवली.
एक सकाळी थंड सापडलं,
दुसरं माझ्या ओंजळीत, मी जागी असताना.

उफराटीला उफराटाच दिला की असं व्हायचंच,
गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला,
मानमोडीची लस टोचता टोचता, सहज.
सोबत सरळ पिसाचा लागतो.
रुकय्यानं चार शब्दांत सांगितलं होतं.

पुन्हा फेरीबोट.
मुकादमांच्या दाराला कुलूप.
लेकाकडे गेल्या मुंब्र्याला, गुडघ्याचं ऑपरेशन,
शेजारीण मासळी साफ करताना म्हणाली.
कोंबड्या? वाटल्या. काही मुंगसानं नेल्या.
हा तेवढा कुणी नेला नाही.
हौदाच्या कठड्यावर एका पायावर उभा,
तांबूस, साधा, शेपटीची दोन पिसं गळलेली.
घरचाच का हा?
घरचाच. चार पिढ्या तरी.
पैसे काढले तर हसली. याचे कसले पैसे!

बोटीत पाय बांधून पिशवीत, मान बाहेर.
तिकीटवाला म्हणाला, कुठली जात?
गावठी.
मग एवढा छातीशी का धरलाय?

आता उफराटा डालग्याखाली आहे, दिवसभर ओरडतो.
हा पायरीवर खरवड टिपतो,
शेजारची येतात, उफराट्या कुठायत विचारतात,
याच्याकडे कुणी बघत नाही. बरंच आहे.

करडी तलंग रवणाला बसून आज एकविसावा दिवस.
एक अंडं तिच्याखालून काढून कानाला लावलं,
आत कुणीतरी टोच मारतंय.
किती उफराटी, किती सरळ,
अजून दहा दिवस कळायचं नाही.

रुकय्याला फोन लावला. गुडघ्याचं विचारायचं राहूनच गेलं.
किती, म्हणाली ती.
मी काही न बोलता फोन अंड्याशी धरला.
पलीकडे मुंब्र्याचा रस्ता वाजत होता,
मग तिनं खिडकी लावून घेतली असावी.